फ्लॅशशिवाय

परिपत्रक सोमवारी आलं, लिस्बनहून, विमानाच्या टपालात:
वाचनकक्षात कॅमेरा चालेल.
फ्लॅश नको, तिपाई नको, आवाज बंद.
अर्जावर सही घ्यावी.
मी ते दाराच्या काचेवर चिकटवलं,
'शाई आणू नये' या पाटीशेजारी,
आणि दिवसभर त्याच्याकडे पाठ करून बसले.

सव्वीस वर्षं ही खोली मी कानांनी सांभाळली.
पेन्सिलीची खरखर. दमट दिवसांत कुरकुरणारी कातडी बांधणी.
खाली ओर्ताच्या धक्क्याला पिकू बेटाची बोट लागली की भोंगा,
आणि गुरुवारच्या भोंग्यानंतर अठरा मिनिटांनी
एव्हारिश्तू गुलार्त,
ट्यूनाच्या कारखान्यातला निवृत्त फिटर.
पासपोर्टांची नोंदवही मागायचा,
शिशाच्या मण्यांची दोरी पानावर आडवी ठेवायचा
आणि उतरवून घ्यायचा. नुसतं नाव नाही:
उंची, भुवयांचा रंग, गालावरचे देवीचे व्रण,
बाप कोण, जहाज कोणतं.
नऊ वर्षं. चौदा वह्या.
फोटोकॉपी का नाही घेत, मी एकदा विचारलं.
पानाला पन्नास सेंट, वर पंधरा दिवस थांबा.
"हे बिचारे उपाशी गेले," तो म्हणाला,
"त्यांच्या नावावर मी मशीनला कशाला जेवू घालू?"

पहिला कॅमेरा आणला एका मुलीने.
डेलेनी फर्टाडो, फॉल रिव्हरची, इस्पितळात रात्रपाळी करणारी.
स्वतःचं आडनाव तिला धड म्हणता येत नव्हतं.
शुक्रवारी परतीचं विमान. हातात दोन दिवस.
पानं उलटत गेली वाऱ्यासारखी,
एकही ओळ वाचत नव्हती,
आणि मला राग आला, खोटं कशाला बोलू,
पंगतीत न जेवता ताटं डब्यात भरून नेणाऱ्याचा येतो तसा.
मग दिसलं, ती पान उलटण्याआधी
दर वेळी बोटं स्वेटरला पुसत होती.

तो गुरुवार होता.
एव्हारिश्तू तिच्यामागे उभा राहिला, टोपी हातात.
दोनशे बारावं पान दाखवशील का, म्हणाला.
तिने दाखवलं. दोन बोटांनी ताणून मोठं केलं.
आधी दिसली राख,
पानांच्या खोबणीत, दाणा दाणा,
सत्तावन साली कापेलिन्युश उफाळला तेव्हाची.
इतकी वर्षं मी तिला धूळ म्हणत आले.
मग खाली, सहीच्या जागी,
फुली.

त्याने आपली सहावी वही काढली. तेच पान.
सहीच्या जागी वळणदार अक्षरांत: मानुएल गुलार्त.
मागचं पान काढलं. त्याच्या मागचं.
नोंदवहीत फुली, फुली, फुली,
वहीत नाव, नाव, नाव.
"हे मी केलं?" त्याने मला विचारलं,
जसं काही मी त्याच्या हातावर पहाऱ्याला होते.
नऊ वर्षं तो मेलेल्यांना सही शिकवत होता
आणि त्याला पत्ता नव्हता.

मुलीला आमची भाषा येत नव्हती.
तिने फुली आणखी मोठी केली.
एक रेघ सरळ. दुसरी अर्ध्यात थांबलेली,
टाक पुन्हा दौतीत बुडवून पुढे ओढलेली.
"चौदा वर्षांचा होता," एव्हारिश्तू म्हणाला,
आणि खूप वेळाने, "शाई संपली म्हणून थांबला असेल."
असेल. कॅमेऱ्याला तेवढं कळत नाही.
त्याला फक्त थांबलेलं दिसतं.

वह्या त्याने फाडल्या नाहीत.
समासात पेन्सिलीने एकेक फुली घालतो आहे,
नाव तसंच ठेवून.
तिसऱ्या वहीपर्यंत आलाय.
हल्ली नातवाचा जुना फोनही आणतो.
आवाज कुठून बंद करायचा, दरवेळी विसरतो.
खटकन वाजतं, सगळे माना वर करतात,
तो माझ्याकडे बघतो.

मी चार्जरची वायर सोडवत असते.
मला काही ऐकू येत नाही.